शिवडीच्या सिमेट्रीतील काका

भगिनींनो, मंडळाला पंचवीस वर्षे पूर्ण झाली म्हणून स्मरणिका काढावयाचे ठरले आणि प्रत्येकीने काही ना काही लिहून द्यावे असा चिटणीसबाईंनी तगादा लावला. पाककृती द्याव्यात तर त्या इतक्या जमल्या आहेत की नारळीभातच तीन जणींचा आला आहे. मी सातवी पास. पत्र सोडल्यास लिहिण्याची सवय नाही. पण एक विषय दोन-तीन वर्षांपासून माझ्या मनात घोळत आहे, आणि त्यावरून आपल्या मंडळात थोडी वादावादीही झाली आहे, हे आपणांस ठाऊक आहेच. तोच लिहिते. चुकले माकले सांभाळून घ्यावे.

शिवडीची ख्रिस्ती सिमेट्री आपल्यापैकी कोणी पाहिली नाही असे नाही. पाहिली म्हणजे बाहेरून. मी लग्न होऊन संगमेश्वराकडून या चाळीत आले, तेव्हापासून बाजाराला, दवाखान्याला, मुलांना शाळेत सोडायला तिच्या भिंतीच्या कडेने हजारो वेळा गेले असेन. फाटकापाशी आले की पदर सावरावा आणि पावले जरा जलद टाकावी, असे सासूबाईंनी पहिल्याच आठवड्यात सांगून ठेवले होते. मुले लहान असताना तिन्हीसांजेला तिकडून आणू नये असेही होते. ते सर्व मी पाळले.

आत पाऊल टाकले ते २ नोव्हेंबर २०२२ रोजी. आपल्या चाळीतील ख्रिस्ती आंटी आपणां सर्वांना परिचित आहेत. त्या दिवशी त्यांच्यात मृतांची आठवण करतात. कबरी धुतात, झेंडूची फुले वाहतात, मेणबत्त्या लावतात. दरवर्षी त्यांचा मुलगा बरोबर जात असे, तो कामानिमित्त परगावी होता. आंटींचे गुडघे दुखतात, बादली उचलवत नाही. "येशील का गं बाय, पाण्याची बादली धरायला?" असे त्यांनी विचारले. त्यांनी माझ्या बाळंतपणात दोन महिने डबे पुरवले आहेत. मी नाही म्हणू शकले नाही. घरी मात्र बाजारात जाते असे सांगून गेले.

आत गेल्यावर प्रथम वाटले ते हे की आपण एखाद्या जुन्या बागेत आलो आहोत. मोठमोठी झाडे, चाफा, आणि मध्ये मध्ये दगडी क्रूस. पुढे मला कळले की ती जागा खरोखरच बागेची होती. शंभर-सव्वाशे नव्हे, चांगली दीडशे वर्षांहून जुनी गोष्ट. मुंबईत गोऱ्यांची दफनभूमी तेव्हा सोनापूरला, म्हणजे आताच्या मरीन लाइन्सकडे होती. ती भरून गेली. मग १८६५ साली, त्या वेळचे म्युनिसिपल कमिशनर आर्थर क्रॉफर्ड यांनी शिवडीची ही जागा नव्या दफनभूमीसाठी घेतली. ती आधी झाडाझुडपांची जोपासना करणाऱ्या एका संस्थेची बाग होती. ज्याच्या नावाने क्रॉफर्ड मार्केट झाले आणि पुढे ज्याला महात्मा फुले मंडई हे नाव मिळाले, तोच हा साहेब. भाजी घ्यायला आपण त्याच्या मंडईत जातो आणि त्याने वसविलेल्या दुसऱ्या जागेकडे पाठ फिरवतो.

आंटींच्या आईची कबर धुऊन झाली. परत फिरताना त्यांनी पिशवीतली उरलेली मूठभर फुले काढली आणि म्हणाल्या, "चल, काकांना देऊ." मला वाटले, त्यांचे कोणी नात्यातले चुलते असतील. दुसऱ्या एका कबरीशी जाऊन त्यांनी फुले ठेवली, क्रूसाची खूण केली आणि सहज म्हणाल्या, "तुमच्या टिळकांचा वकील. आमच्या उत्तनच्या माणसाचा पोरगा."

हे जोसेफ बाप्टिस्टा. लोक त्यांना काका बाप्टिस्टा म्हणत.

त्या दिवशी मी घरी आले, गुपचूप आंघोळ केली, आणि रात्री जेवणे झाल्यावर धाकटीला म्हटले, बघ गं तुझ्या मोबाईलमध्ये या माणसाविषयी काही आहे का. मग ग्रंथालयातून पुस्तके आणवली, यांनीही एक-दोन आणली. वाचता वाचता मी थक्क झाले. शाळेत आम्हाला टिळकांचा धडा होता. शेंगांची टरफले, केसरी, मंडाले, सर्व पाठ होते. पण या माणसाचे नाव त्या धड्यात असल्याचे मला स्मरत नाही.

काकांचा जन्म १७ मार्च १८६४ चा, माझगावच्या माथारपाखाडीतला. वडील भाईंदरजवळच्या उत्तनचे. म्हणजे हे ईस्ट इंडियन, इथलेच मूळचे, घरी मराठी बोलणारे लोक. शाळा माझगावची सेंट मेरी, पुढे पुण्याला इंजिनिअरिंगचे शिक्षण, आणि मग विलायतेत केंब्रिजला. परत येऊन वकिली. १९०१ पासून मुंबई महापालिकेत त्यांनी पुष्कळ वर्षे काम केले.

१९०८ साली टिळकांवर राजद्रोहाचा खटला झाला, तेव्हा त्यांच्या बाजूच्या वकिलांत बाप्टिस्टा होते. त्या खटल्यासाठी खास ज्युरी नेमू नये असे त्यांनी कोर्टात सांगितले, कारण खास ज्युरी म्हणजे बहुतेक गोरेच येणार. तसेच झाले. नऊ जणांत सात युरोपियन आणि दोन पारशी. सातांनी दोषी म्हटले, दोघांनी निर्दोषी. पुढे टिळकांनी स्वतःच आपली बाजू कित्येक दिवस मांडली, ते भाषण प्रसिद्धच आहे. २२ जुलै १९०८ ला सहा वर्षांची काळ्या पाण्याची शिक्षा झाली, आणि दुसऱ्या दिवसापासून मुंबईच्या गिरणी कामगारांनी सहा दिवस गिरण्या बंद ठेवल्या, वर्षाला एक दिवस याप्रमाणे. हे माझे सासरे आम्हाला नेहमी सांगत. ते स्वतः साचेखात्यात होते आणि १९८२ च्या संपानंतर पुन्हा गिरणीत गेले नाहीत. संपाच्या गोष्टी सांगताना ते १९०८ पासून सुरुवात करीत. त्यांना कोणी सांगितले असते की टिळकांचा वकील तुमच्या रोजच्या वाटेवर निजला आहे, तर त्यांनी निदान टोपी काढून नमस्कार केला असता. ते गेले २००९ साली. त्यांना सांगायचे राहिले.

पुढे १९१०-११ साली सावरकरांवर खटला झाला, तेव्हाही त्यांचा बचाव करणाऱ्या वकिलांत बाप्टिस्टा होतेच. राजद्रोहाच्या आरोपीचे वकीलपत्र घेणे त्या काळी काही गंमत नव्हती. सरकारच्या डोळ्यावर येणे म्हणजे वकिलीचे उत्पन्न जाणे, आणि काकांचा समाज तर लहान. आपल्यातला एक माणूस सरकारविरुद्ध उभा आहे म्हणून नातेवाईक काय काय बोलले असतील, हे बायामाणसांना सांगायला नको.

आता खरी मोठी गोष्ट. टिळक मंडालेहून १९१४ साली सुटून आले. आयर्लंडात होमरूलची, म्हणजे आपल्या घरचा कारभार आपण पाहण्याची चळवळ चालली होती. तशी आपल्याकडे करावी हा विचार बाप्टिस्टांनी उचलून धरला. २८ एप्रिल १९१६ ला बेळगावात होमरूल लीग स्थापन झाली. तिचे अध्यक्ष कोण? मी तरी टिळकच समजत होते. अध्यक्ष जोसेफ बाप्टिस्टा, आणि चिटणीस न. चिं. केळकर. टिळकांनी स्वतः पद घेतले नाही. गंमत अशी की टिळकांच्या या लीगच्या क्षेत्रात मुंबई शहर नव्हतेच, ते अॅनी बेझंटबाईंच्या लीगकडे गेले, आणि टिळकांच्या लीगचा अध्यक्ष मात्र माझगावचा. १९१७ साली काका त्याच कामासाठी विलायतेला गेले आणि तिथल्या मजूर पक्षाच्या पुढाऱ्यांना हिंदुस्थानची बाजू समजावून देत राहिले. स्वराज्य हा जन्मसिद्ध हक्क, ही घोषणा मुळात काकांच्या तोंडून निघाली असे ईस्ट इंडियन समाजात अभिमानाने सांगतात. आंटी तर तेवढ्यावरून कोणाशीही भांडायला तयार असतात.

१ ऑगस्ट १९२० ला टिळक गेले. गिरगावच्या चौपाटीवर, वाळूत, त्यांना अग्नी दिला. आज तिथे पुतळा आहे. काकांचे काम थांबले नाही. त्याच वर्षी ३१ ऑक्टोबरला मुंबईत कामगारांची अखिल भारतीय संघटना, आयटक, स्थापन झाली. लाला लजपतराय अध्यक्ष आणि बाप्टिस्टा उपाध्यक्ष. त्याआधी त्यांनी पाँडिचेरीला अरविंद घोषांना पत्र लिहून मुंबईत नव्या पक्षाचे इंग्रजी वर्तमानपत्र चालवायला बोलावले होते. अरविंदांनी नम्रपणे नकार दिला, ते उत्तर आजही वाचायला मिळते.

१९२५-२६ साली ते मुंबई महापालिकेचे अध्यक्ष झाले. मेयर हे नाव त्या पदाला १९३१ पासून मिळाले, तोवर प्रेसिडेंट म्हणत. याच सुमारास आपल्या अवंतिकाबाई गोखले महापालिकेच्या सभासद होत्या. १९१८ साली हिंद महिला समाज काढणाऱ्या त्याच. १९२३ पासून बायका महापालिकेत बसू लागल्या होत्या. ज्या सभागृहात अवंतिकाबाई उठून बोलत असतील, तिथे वर्षभर अध्यक्षाच्या खुर्चीवर काका होते, हे चित्र मला फार आवडते.

आणि एक योगायोग. महापालिकेची ती भव्य इमारत १८९३ साली पुरी झाली. बांधणारा एफ. डब्ल्यू. स्टीव्हन्स, ज्याने बोरीबंदरचे व्ही. टी. स्टेशन, म्हणजे आताचे छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनस बांधले. हा स्टीव्हन्स १९०० साली मुंबईत हिवतापाने वारला. त्यालाही शिवडीच्या याच भूमीत ठेवले आहे. घर बांधणारा गोरा आणि त्या घरात बसून गोऱ्यांच्या राज्याविरुद्ध बोलणारा काळा, दोघे एका कुंपणात. मृत्यूला अशा गोष्टींचे काही वाटत नाही.

१८ सप्टेंबर १९३० ला काका गेले. देशात तेव्हा मिठाचा सत्याग्रह चालला होता. माझगावच्या भंडारवाड्याच्या टेकडीवर, डॉकयार्ड रोड स्टेशनाच्या वर, पाण्याच्या टाकीवरच्या बागेला त्यांचे नाव आहे. तिथे आपली मंडळाची सहल गेली होती, फोटोही आहेत. गोदीतल्या बोटी पाहिल्या, भेळ खाल्ली. पाटीवरचे नाव कोणाचे, ते कोणी कोणाला विचारले नाही. मीही नाही.

आता मी मघाशी म्हटले त्या वादाकडे येते. २०२३ च्या श्रावणात मंडळाच्या बैठकीत मी सुचविले की १८ सप्टेंबरला काकांचा स्मृतिदिन असतो, आपण पाच-दहा जणी जाऊन हार घालून येऊ. दरवर्षी आपल्या गणपतीच्या मंडपात टिळकांची तसबीर लावतो, त्यांचा सोबती इथे पायी जाण्याच्या अंतरावर आहे. सर्वांनी माना डोलावल्या. मग एकीने कॅलेंडर उघडले. त्या वर्षी १८ सप्टेंबरला हरतालिका! दुसऱ्या दिवशी गणपती! उपास धरून, हातात पूजेची तयारी असताना स्मशानात जायचे? आणि तेही दुसऱ्यांच्या? बैठकीत जे बोलणे झाले ते इथे लिहिणे बरे नव्हे. एक बाई म्हणाल्या ते मात्र लिहिते, कारण त्या वाईट बोलल्या नाहीत, जे सर्वांच्या मनात होते ते बोलल्या. "आपण आपल्या माणसांच्या स्मशानात कधी गेलो नाही, तर परक्याच्या कुठे जाणार?"

त्या रात्री मला झोप लागली नाही. माझे वडील २०१४ साली गावी वारले. मी रात्रीच्या गाडीने पोचले तेव्हा त्यांना ओटीवर ठेवले होते. तासाभरात नेले. आम्ही बायका दारापर्यंत. पुढे नदीकाठी काय झाले ते भावांनी पाहिले. तिसऱ्या दिवशी राख नदीत गेली. आता वडिलांना भेटायचे म्हटले तर जायचे कुठे? नदी वाहती, तिचे पाणी केव्हाच समुद्राला मिळाले. हीच आपली रीत आहे आणि ती मला चुकीची वाटत नाही, देहात गुंतू नये असे आपले शास्त्रच सांगते. पण आंटी आपल्या आईच्या दगडावरून ओला हात फिरवीत होत्या, तिच्याशी घरगुती चार शब्द बोलत होत्या, तेव्हा मला त्यांचा हेवा वाटला हे खोटे कशाला सांगू?

तसे त्यांच्यातही सर्वांनाच कायमची जागा मिळते असे नाही. मुंबईत जागेची टंचाई जिवंतांना तशी मेलेल्यांनाही. ज्यांची पिढीजात कबर नाही, त्यांची जागा काही काळाने दुसऱ्याला देतात आणि अस्थी काढून भिंतीतल्या लहान कप्प्यात ठेवतात. गोव्याच्या मुक्तीसाठी झटलेले त्रिस्तांव ब्रागांझा कुन्हा यांचे उदाहरण आहे. १९२८ साली त्यांनी गोवा काँग्रेस कमिटी काढली, १९४६ साली पोर्तुगिजांनी त्यांना आठ वर्षांची शिक्षा देऊन पोर्तुगालच्या पेनिश किल्ल्यात डांबले. तिथून सुटून ते मुंबईला आले आणि इथून झगडत राहिले. २६ सप्टेंबर १९५८ ला मुंबईतच वारले. गोवा मुक्त झाला डिसेंबर १९६१ मध्ये. पुढे त्यांच्या अस्थी पणजीला नेल्या. आझाद मैदानात त्यांचे स्मारक आहे, आम्ही गोव्याला गेलो होतो तेव्हा मी मुद्दाम जाऊन हात जोडले. त्यांना घरी नेण्यासाठी अस्थी तरी होत्या. आपले काका मात्र आधीपासून घरीच आहेत. माझगाव ते शिवडी अंतर ते किती!

असो. १८ सप्टेंबर २०२३ ला सकाळी मी, आंटी, आणि आपल्या मंडळातील दोघी, अशा चौघीजणी गेलो. निघताना सासूबाईंना या वेळी खरे सांगितले. त्या काही बोलल्या नाहीत, तोंड फिरवून तुळशीपुढे बसल्या. आम्ही दगड पुसला, झेंडूचा हार घातला, आंटींनी मेणबत्ती लावली, आम्ही उदबत्ती. वाऱ्याने मेणबत्ती दोनदा विझली. आंटींनी त्यांची प्रार्थना म्हटली. आम्हाला काय म्हणावे ते सुचेना, म्हणून तिघी नुसत्या हात जोडून उभ्या राहिलो. पंधरा मिनिटांचे काम. घरी आले तो मोरीत बादलीभर कढत पाणी काढून ठेवलेले, आणि बादलीवर माझे धुतलेले लुगडे. मी आंघोळ करून बाहेर आले तेव्हा सासूबाईंनी विचारले, "कबर साफ आहे ना? की पालापाचोळा?" मी म्हटले, साफ केली. मग आम्ही दोघींनी मिळून वाळूची शिवपिंडी केली.

दुसऱ्या दिवशी मंडपात टिळकांच्या तसबिरीशेजारी काकांची तसबीर लावावी असे मी सुचवले होते. ते काही झाले नाही. सजावट आधीच ठरली होती, जागा नव्हती, असे कार्यकर्त्यांनी सांगितले. २०२४ सालीही जागा नव्हती. त्या वर्षी १८ तारीख अनंत चतुर्दशीच्या दुसऱ्या दिवशी, पितृपंधरवड्याच्या तोंडाशी आली, तेव्हा पितरांचेच दिवस म्हणून कोणी हरकत घेतली नाही. आम्ही अकरा जणी होतो. ज्या बाई बैठकीत बोलल्या होत्या, त्याही आल्या. त्यांनी आपल्या घरची जास्वंद आणली होती, आणि सर्व परतल्या तरी त्या थोडा वेळ मागे थांबल्या होत्या. त्यांचे यजमान करोनात गेले, आपणांस माहीत आहे. त्या वेळी नेताना घरच्या कोणालाच पाहू दिले नव्हते.

यापुढेही १८ सप्टेंबरला सकाळी साडेसात वाजता आपल्या चाळीच्या फाटकाशी जमावयाचे आहे. उपास असला तरी चालेल, चालणे फार नाही. पाण्याची बादली आणि कुंचा मी घेईन, हार आंटी आणतील. येणाऱ्या भगिनींनी आदल्या दिवशी संध्याकाळपर्यंत मला सांगावे, म्हणजे परत आल्यावर किती जणींचा चहा टाकायचा ते कळेल.